पाकीट परत आलं म्हणून मैत्री संपली का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी त्रेचाळीस वर्षांची, मूळची नाशिकची. नवरा इटर या आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन ऊर्जा प्रकल्पावर एका कंत्राटदार कंपनीत इंजिनियर आहे, त्यामुळे दोन वर्षांपासून आम्ही दक्षिण फ्रान्समध्ये, द्युराँस नदीकाठच्या एका लहान गावात राहतो. मुलगी मनोस्कच्या शाळेत जाते, मी दिवसभर घरी. पहिल्या उन्हाळ्यात गच्चीत कुरडया वाळत घातल्या होत्या, तेव्हा शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, हा घरी केलेला पास्ता का? तिथून ओळख झाली. त्या सत्तरीच्या आहेत. पोस्टात टपाल वाटायच्या, आता निवृत्त. यजमान नाहीत, मुलगी आणि दोन नातवंडं लियाँला. दर मंगळवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचे. फ्रेंचमधून गप्पा व्हायच्या, त्या चुका सुधारायच्या, मी वहीत उतरवून घ्यायचे. त्या स्वतः कॉफी पितात, पण माझ्यासाठी चहाचा डबा आणून ठेवलाय. मी कधी थालीपीठ, कधी खीर पाठवायचे. डबा परत येताना त्यात जर्दाळूचा मुरंबा नाहीतर अंजिरं असायची. फेब्रुवारीत मिस्त्राल वाऱ्याने त्यांची कौलं उडाली, तेव्हा पहिला फोन मलाच आला.

यंदा मी फ्रेंचची डेल्फ परीक्षा, बी-१ म्हणजे मधल्या पातळीची, पास झाले. नवरा म्हणाला, बाईंनी इतका वेळ दिला, शिकवणी लावली असती तर केवढे पैसे गेले असते, काहीतरी द्यायला हवं. म्हणून नाशिकहून आणलेल्या, वर रुपयाचं नाणं चिकटवलेल्या आहेराच्या पाकिटात २०० युरो घालून दिले. त्यांनी पाकीट उघडून बघितलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. निघताना म्हणाल्या, 'पास झालात, आता तुम्हाला मंगळवारची गरज नाही.' मी 'मेर्सी', म्हणजे आभार, म्हणून निघाले. त्याला तीन आठवडे झाले. त्यांनी बोलावलं नाही, मी गेले नाही. दुपारी बघावं तर त्यांच्या खिडक्यांच्या झडपा बंद. नवरा म्हणतो, फ्रेंच लोक असेच, वरवरचे. दोन वर्षांत एकदा तरी जेवायला बोलावलं का? त्यापेक्षा इथल्या भारतीय मंडळींत मिसळ. मी त्यांचा अपमान केला का? ती मैत्री होती की नुसती शिकवणी? आणि माझ्या असल्या मोडक्या फ्रेंचमध्ये खरी मैत्री होऊ तरी शकते का?

सल्ला

प्रिय नाशिककर मैत्रीण,

आधी त्या झडपांचं बघू. जुलैत प्रोव्हाँसमधल्या, म्हणजे तुमच्या त्या दक्षिण भागातल्या, कुठल्याही गावात दुपारी दोन वाजता फेरफटका मारा, अख्ख्या गल्लीच्या झडपा बंद दिसतील. ऊन तापायच्या आत त्या ओढून घ्यायच्या, आतला गारवा धरून ठेवायचा आणि संध्याकाळी सगळं सताड उघडायचं, ही तिथली जुनी रीत. आपल्या जळगावात मे महिन्यात दुपारी कुणाचं दार उघडं असतं? शिवाय जुलैच्या सुरुवातीला तिथल्या शाळांना सुट्टी लागते ती सप्टेंबरपर्यंत. नोकरदाराला वर्षाला पाच आठवडे हक्काची रजा, मुलांना एकट्या उन्हाळ्याची सुट्टीच आठ आठवड्यांची. मधली भर कोण घालतं? आजी-आजोबा. बाईंची दोन नातवंडं लियाँला आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. या तीन आठवड्यांत त्या घरात कोण आलं, कोण गेलं, याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. तुम्ही फक्त झडपा बघितल्या.

पण त्यांना काही वाटलंच नसेल, असं म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. वाटलं असावं. आणि त्याचं कारण माझ्या मते पैशांपेक्षा पाकिटात आहे.

बाई टपाल वाटायच्या. फ्रान्समध्ये वर्षअखेरीला टपाल वाटणारे घरोघर कॅलेंडर घेऊन येतात. त्याची किंमत ठरलेली नसते, ज्याने त्याने आपल्या मनाने द्यायचं. कुणी नोट हातावर ठेवतं, कुणी पाकिटात घालून देतं. आपल्याकडे दिवाळीत पोस्टमन पोस्त मागायला येतो, त्यातलाच प्रकार. म्हणजे या बाईंनी नोकरीची सगळी वर्षं दर डिसेंबरात दारोदारी उभं राहून अशी पाकिटं घेतली असणार, आणि आनंदाने घेतली असणार, कारण त्यात कमीपणा काही नाही. टपालवाली दारात उभी असते, घरमालकीण आत असते, वर्षभराच्या सेवेबद्दल तिला काहीतरी दिलं जातं, ती आभार मानून पुढच्या घरी जाते. आता निवृत्तीनंतर, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या खुर्चीवर बसलेली असताना, जिच्यासाठी मुद्दाम चहाचा डबा आणून ठेवला त्या शेजारणीने तिच्यापुढे पाकीट ठेवलं. क्षणात ती पुन्हा दाराबाहेरची टपालवाली झाली. हा माझा अंदाज आहे, बाईंच्या मनात शिरून मी बघितलेलं नाही. पण पाकीट उघडून, बघून, एक शब्द न बोलता परत सरकवण्यात राग कमी आणि ओशाळलेपण जास्त दिसतं मला.

तुमच्या बाजूने ते पाकीट वेगळंच होतं. आहेराचं पाकीट आपण नोकराला देत नाही, परक्याला देत नाही. ते लग्नामुंजीत, बारशाला, घरच्या माणसाला देतो. वरचा तो रुपया तर मुद्दाम असतो. रक्कम शून्यावर संपू नये, देणंघेणं पुढे चालू राहावं, म्हणून शंभरावर एक. तुम्ही तिला नात्यात ओढत होतात आणि तिला वाटलं, हिने हिशेब मिटवला. यात दोघींपैकी कुणाचंच वाकडं नाही. तिला नाण्याचा अर्थ ठाऊक असायचं कारण नाही आणि तुमच्याही डोक्यात तिचं कॅलेंडर यायचं कारण नव्हतं. चांगली गोष्ट ही की हे सगळं बी-१ च्या फ्रेंचमध्ये सांगता येतं. त्याकडे येते.

त्याआधी ते मंगळवारचं वाक्य. 'आता तुम्हाला मंगळवारची गरज नाही.' तुम्ही ते निरोप म्हणून ऐकलंत. मला तो प्रश्न वाटतो. म्हातारं माणूस असंच विचारतं. आपल्या घरातली आजी नाही का म्हणत, 'आता काय बाई, तुम्ही मोठे झालात, आजीची काय गरज?' त्याला उत्तर अपेक्षित असतं: 'असं काय म्हणतेस, उद्या येतेच.' तुम्ही काय उत्तर दिलंत? मेर्सी. आणि चपला घालून निघालात. तुम्हाला त्या क्षणी काय बोलावं सुचलं नसणार, परक्या भाषेत ऐनवेळी सुचत नाहीच, ते मला कळतं. पण टेबलाच्या पलीकडून ते कसं दिसलं असेल, बघा. आधी पाकीट, मग आभार, मग तीन आठवडे शांतता. त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं की परीक्षा झाली, काम संपलं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. मैत्री की शिकवणी? हा प्रश्न विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: घेतलं फक्त तुम्ही, दिलं फक्त त्यांनी. तुमच्या नवऱ्याने तर त्याचे युरोही काढले. पण तुमचंच पत्र पुन्हा वाचा. वादळात कौलं उडाल्यावर माणूस पहिला फोन कुणाला करतं? विद्यार्थिनीला करत नाही. त्या गावात त्या किती वर्षं राहिल्या असतील, टपाल वाटताना किती दारं त्यांनी वाजवली असतील, आणि फोन तुम्हाला केला. ज्या बाईचा दिवस माणसांशी बोलण्यात जायचा, ती निवृत्त झाली, नवरा गेला, लेक तीन तासांवर. आठवड्यातून एकदा तिच्याकडे कुणीतरी ठरल्या वेळी येतं, तिचं प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकतं, वर वहीत लिहून घेतं. अहो, सत्तरीत एवढं लक्ष कोण देतं हो कुणाला? तिच्या पोटच्या मुलीने तरी शेवटचं कधी तिचं वाक्य लिहून घेतलं असेल?

आणि तो डबा. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. खीर गेली, मुरंबा आला. थालीपीठ गेलं, अंजिरं आली. फिटंफाट तेव्हाच होत होती, दर वेळी होत होती. पाकिटाची गरज पडावी इतकं देणं तुमच्या अंगावर कधी साचलंच नव्हतं.

मग तुमच्या मनातला खटका खोटा का? पूर्ण खोटा नाही. भाषेच्या सरावातून जुळलेल्या ओळखीत एक अडचण असतेच, आणि ती तुम्हाला जाणवली आहे, फक्त तुम्ही तिचं खापर पैशांवर फोडलंत. अडचण अशी की एक जण कायम बरोबर असतो आणि दुसरा कायम चुकत असतो. मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं, तेव्हा पाहिलंय, वर्गात खोडकर, तिरकस, फटकळ असणारी मुलगी फ्रेंच बोलायला लागली की आज्ञाधारक होऊन जाते. 'माझे नाव अमुक आहे. मला दोन भाऊ आहेत. आज हवामान छान आहे.' तिचा सगळा स्वभावच शब्दसंग्रहाच्या मापाचा होतो. तुम्ही मराठीत कशा बोलता ते मला तुमच्या पत्रावरून कळलं. कुरडयांना पास्ता म्हटलं गेलं तो किस्सा तुम्ही असा रंगवलाय की मी मोठ्याने हसले. मराठीतली ती मिश्कील बाई शेजारीणबाईंना भेटली आहे का? की त्यांना फक्त वही उघडून बसलेली, चूक झाली की 'पार्दों' म्हणणारी बाई माहीत आहे?

म्हणून मला वाटतं की आता वही बंद करा. परीक्षा झाली, हे निमित्त चांगलं आहे. डेल्फचा दाखला आयुष्यभर चालतो, १ जानेवारी २०२६ पासून दहा वर्षांच्या रहिवासी कार्डाला बी-१ लागतं तेही तुमच्याकडे झालं. यापुढे बाईंसमोर गुण मिळवायचे नाहीत.

चुका सुधारण्याबद्दल मात्र एक सांगते, कारण पत्रात तुम्ही ते जरा दुखऱ्या सुरात लिहिलंय आणि परदेशातून मला येणाऱ्या बऱ्याच पत्रांत तो सूर असतो. फ्रेंच माणूस वाक्याच्या मध्ये थांबवून तुमचं स्त्रीलिंग-पुल्लिंग नीट करतो, तेव्हा तो तुम्हाला हिणवत नसतो. ते लोक एकमेकांनाही तसंच सुधारतात. तिथे श्रुतलेखनाच्या स्पर्धा टीव्हीवर व्हायच्या. बेर्नार पिव्हो नावाचे नामवंत निवेदक १९८५ पासून वीस वर्षं त्या घेत होते आणि मोठमोठी माणसं हौसेने कागद-पेन घेऊन बसायची. शाळेतली ती आवड अंगात मुरलेली असते. पण तुम्ही त्यावर मर्यादा घालू शकता. सरळ सांगा: 'मी काय म्हणतेय ते कळलं नाही तरच थांबवा, बाकी राहू दे.' पहिल्या दिवशी त्या विसरतील, पुन्हा सांगा. आणि एक गंमत. त्यांचंही फ्रेंच पॅरिसवाल्यांच्या लेखी अस्सल नाहीच. आम्ही इथे 'पँ' (पाव) आणि 'दमँ' (उद्या) घोकून घेतो. दक्षिणेत त्याचं 'पेंग' आणि 'दमेंग' होतं. तुम्ही तो कान घेऊन परीक्षेचं ध्वनिमुद्रण ऐकलंत आणि पास झालात, म्हणजे शाबासकी तुमचीच.

बी-१ मध्ये खरी मैत्री होते का? या पातळीची तोंडी परीक्षा तुम्ही नुकतीच दिलीत. स्वतःबद्दल बोलायचं, परीक्षकाशी एखाद्या प्रसंगावर हुज्जत घालायची, एका विषयावर स्वतःचं मत मांडायचं. काय झालं, काय वाटलं, का वाटलं, एवढं सांगता आलं की मैत्रीचं बरंचसं काम भागतं. भागत नाही ते दोन ठिकाणी: विनोद आणि भांडण. दोन्हींना वेग लागतो. त्यावर उपाय वर्गात नाही, बरोबर काहीतरी करण्यात आहे. समोरासमोर बसून नुसतं बोलायचं म्हटलं की ती मुलाखत होते. हात कशाततरी गुंतलेले हवेत. सध्या जर्दाळू संपत आलेत, पण पुढे अंजिरं आहेत. मुरंबा त्यांच्या पद्धतीने त्यांच्याच स्वयंपाकघरात करायला मागा. कुरडयांचा चीक ढवळायला त्यांना बोलवा, हात भरून येईपर्यंत ढवळू द्या, मग बघा त्या तुमच्याशी कशा बोलतात.

आणि पत्ते. फ्रान्सच्या खेड्यांत बेलोत घराघरात खेळतात. सत्तीपासून एक्क्यापर्यंत ३२ पत्ते, चौघं जण, समोरासमोरचे भिडू. मेंढीकोट येत असेल तर निम्मं येतंच. अडचण एवढीच की हुकमाचा गुलाम सगळ्यात मोठा, २० गुणांचा, त्याखाली हुकमाची नव्वी १४ गुणांची, आणि एक्का बिचारा तिसरा. आपल्या माणसाला नव्वीने एक्का मारलेला पहिले काही दिवस बघवत नाही. पण पत्त्यांच्या डावात भाषा फार थोडी लागते, तीच तीच वाक्यं सारखी येतात, चिडायला आणि टोमणे मारायला पूर्ण परवानगी असते, आणि तुम्ही बाईंना हरवू शकता. दोन वर्षांत प्रथमच त्या तुमच्याकडून हरतील. दोघींनाही ते बरं वाटेल. तिसरा-चौथा गडी घरातच आहे, नवरा आणि मुलगी.

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे. दोन वर्षांत जेवायला बोलावलं नाही, हे खरं. पण तुम्ही बोलावलंत का? डबे पाठवलेत, मान्य. डबा कुंपणावरून जातो, माणूस घरात येत नाही. फ्रान्समध्ये जेवायला बोलावणं ही मोठी बाब असते. तीन-चार फेऱ्यांचं जेवण, टेबल मांडणं, सगळं साग्रसंगीत. सत्तरीच्या एकट्या बाईला, त्यात शाकाहारी कुटुंबाला काय वाढायचं ही धास्ती असेल तर ती टाळणारच. त्या लोकांकडे मधली एक पायरी असते, आपेरो. संध्याकाळी सात-साडेसातला यायचं, काहीतरी प्यायचं, चार चिमट्या खायचं, तासा-दीड तासाने उठायचं. जेवणाची अपेक्षा नाही, परतफेडीचं ओझं नाही. तुम्ही पीत नसलात तर सरबत ठेवा, फळांचा रस ठेवा, त्यांना पास्तीस, म्हणजे तिकडची बडीशेपेच्या चवीची दारू, लागत असेल तर त्या सांगतील. खायला कोरडी भेळ करा, तिखट बेताचं. जैतुनाची फळं बाजारातून आणा. आणि हात जोडून सांगते, आग्रह नको. 'अजून एक घ्याच' हे आपल्याकडे प्रेम असतं, तिथे ते जुलूम वाटू शकतं. बशी भरलेली ठेवा आणि तिच्याकडे बघू नका. अहो-जाहोचंही मनाला लावून घेऊ नका. 'तू' म्हणायला वयाने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं. काही जणी वर्षानुवर्षं सुचवत नाहीत आणि तरी जिवलग असतात.

नवऱ्याला फार बोल लावू नका. त्याची दुनिया निराळी आहे. इटरवर सात भागीदारांची माणसं, भारत त्यातला एक, आणि कामाची भाषा इंग्रजी. दिवसभर तिथे वावरणाऱ्याला गाव दिसतं ते गाडीच्या काचेतून आणि पावाच्या दुकानात. पैसे द्यावेत हे त्याच्या मनात आलं तेही कृतज्ञतेपोटीच. फक्त 'फ्रेंच लोक असेच' हे त्याचं मत तुम्ही उसनं घेऊ नका, कारण त्या गावातल्या एका फ्रेंच माणसाला तुम्ही त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त ओळखता. भारतीय मंडळींत मिसळा, जरूर मिसळा. गणपतीला, दिवाळीला आपली माणसं लागतातच. पण त्यासाठी शेजारचं दार बंद करायची अट कुणी घातली आहे?

तर आता करायचं काय. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जा, झडपा उघडल्यावर. बारा ते दोन कधीच नाही, ती जेवणाची वेळ. फोनवर मेसेज लिहून पाठवू नका. लिहिताना तुम्ही गूगलला विचाराल आणि ते इतकं गुळगुळीत होईल की तुमचं वाटणारच नाही. हातात काही नेऊ नका. डबा नाही, फुलं नाहीत. या एका वेळी रिकाम्या हाताने जाणंच बरं, नाहीतर तेही पाकिटासारखं दिसेल.

दारात 'बाँजूर' म्हणा. तिथे हा शब्द आधी आला नाही तर पुढचं सगळं फुकट जातं. मग तीन गोष्टी सांगा, तुमच्या शब्दांत, चुकांसकट. एक, ते पाकीट आमच्याकडे लग्नात घरच्या माणसाला देतात, वरचं नाणं देणंघेणं चालू राहावं म्हणून असतं. मी तुमचे पैसे चुकते करत नव्हते. दोन, परीक्षेसाठी मला मंगळवार लागत होते, आता परीक्षेशिवाय हवे आहेत. तीन, शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे आपेरोला या, नातवंडं आली असतील तर त्यांनाही आणा. एवढंच. माफीचं पुराण लावू नका. दहादा माफी मागितली की समोरच्या माणसालाच तुमची समजूत घालत बसावं लागतं. सांगताना अडखळलात तर अडखळा. घोकून आलेलं बोलणं त्यांना लगेच कळेल, दोन वर्षं तुमचं बोलणं ऐकलंय त्यांनी.

त्या 'बघू', 'सध्या गडबड आहे' असं काही म्हणाल्या तर? मान डोलवा आणि परत या. ऑगस्टात निम्मं फ्रान्स घरी नसतं, त्या महिन्यातल्या कुठल्याच नकाराचा अर्थ लावू नका. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की एकदा पुन्हा विचारा. तेव्हाही टाळलं तर थांबा. हेही शक्य आहे की त्यांना शिक्षिका असणंच आवडत होतं, आणि त्याच्या पुढची जवळीक नको आहे. तसं असेल तर तो त्यांचा अधिकार. रस्त्यात भेटल्या की हसून बोला. दोन वर्षं खोटी ठरत नाहीत त्याने.

मात्र हे सगळं सुरळीत झालं तरी एक गोष्ट बदला, आणि हे मी तुमच्यासारख्या, जोडीदाराच्या नोकरीमागे परमुलखातल्या लहान गावात जाऊन पडलेल्या सगळ्यांनाच सांगते आहे. एका सत्तरीच्या बाईच्या खांद्यावर तुमची सगळी भाषा आणि सगळा एकटेपणा ठेवू नका. ते तिला जड होतं, आणि तिने एक मंगळवार चुकवला की तुमचा आठवडा कोसळतो. फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्याने दोन माणसं मिळूनही संस्था काढू शकतात, त्यामुळे चिमुकल्या गावातही डोंगर चालणारे, समूहगान करणारे, शिवणकाम करणारे, पेतांक हा लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळणारे असे गट असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगावी त्यांचा मेळा भरतो, प्रत्येक गटाचं एक टेबल, तिथेच नाव नोंदवायचं. तारीख मेरीच्या, म्हणजे गावच्या कार्यालयाच्या फलकावर लागते. भाषा शिकवणाऱ्या गटाचं टेबल दिसलं तर त्याला वळसा घाला. जिथे दर आठवड्याला तीच माणसं तेच काम करतात असा गट निवडा; बोलणं आपोआप येतं. पहिले दोन महिने कुणी तुमच्याकडे फारसं लक्ष देणार नाही. तिसऱ्या महिन्यात एखाद दिवशी गेला नाहीत तर विचारतील, कुठे होतात. जर्मनीच्या खेड्यातही असंच चालतं, फक्त तिथे त्याला फेराइन म्हणतात आणि वर्गणी अगदी वेळेवर मागतात. कोणत्या गटात जावं हे तुमच्या शेजारीणबाईंनाच विचारा. टपाल वाटलेल्या माणसाइतकं गाव कुणाला ठाऊक असतं? कोण भांडखोर, कोण कंजूष, कुणाकडे कुत्रं चावतं, सगळं सांगतील. तो सल्ला मागणं ही त्यांना दिलेली कुठल्याही पाकिटापेक्षा मोठी किंमत आहे.

ते २०० युरो घरखर्चात टाका. त्याचा स्कार्फ, घड्याळ, पैठणीचा बटवा असं काही आणून वेश बदललेलं पाकीट पुन्हा त्यांच्याकडे पाठवू नका. हिवाळ्यात नाशिकला जाल तेव्हा येताना चिवड्याचा एक पुडा जास्तीचा आणा, तेवढं पुरे.

आणि शुक्रवारी त्या आल्या तर नवऱ्याला त्या संध्याकाळी घरीच थांबायला सांगा. टेबलावर इंग्रजी चालणार नाही, हेही आधी सांगून ठेवा. त्याला बेलोतचे नियम समजावून द्यायला बाईंना फार मजा येईल.